पट्ट्यात गेलेला हात

माजं माहेर कागलच्या पलीकडं, माळावर. आता तिथं पंचतारांकित एमआयडीसी झालीया, कंपन्यांच्या भिंतीच भिंती, पर आमच्या वक्ताला तिथं कुसळं हुती आनि मेंढरं हुती आनि दगडाची खान हुती, बा माजा त्या खानीत दगड फोडायचा आनि आई खडी भरायची, आनि आमी पाच बहिनी, मी तिसरी. बायाक्का नाव ठिवलं, आईची आई निपाणीकडची, तिकडं असली नावं असत्यात. हसू नका ताई, मी बोलाय लागलो की लोक हसत्यात, बाईमानूस आनि येतो, जातो, करतो म्हनती, पर कोल्हापूरच्या बायका अशाच बोलत्यात, तुमी लिवताना बी तसंच लिवा.

बा मारायचा. घनाचा दांडा हाताला आला तर दांड्यानं, न्हायतर पायतानानं, आई मार खाऊन उठायची, तोंड धुवायची आनि चुलीम्होरं बसायची, आनि आमी पोरी तिच्या मागं वळीनं बसून भाकरीची वाट बगायचो. आमाला वाटायचं घर म्हंजे असंच असतंय. दुसरं घर बगितलंच न्हवतं कुठं.

तुमी मला त्या संग्रहालयाचं इचाराय आलाय, ते मला ठावं हाय, सांगतो की, पर आदी गिरनीचं सांगायला लागतंय, न्हायतर मी तिथं म्हातारपनी जाऊन तमाशा का केला ते तुमाला कळायचं न्हाय. गिरनीचं नाव तेवढं लिवू नका. लई गिरन्या हुत्या तवा, त्यातलीच एक म्हना.

सोळाव्या वर्षी लगीन झालं आनि मी कोल्हापुरात आलो. आमचं मालक मागावर हुतं, म्हंजे कापड विनायच्या खात्यात, एक मानूस दोन माग बगायचा. पयली चार वर्सं मालक लई चांगलं वागलं, खोटं कशाला बोलू. भोंगा वाजला की सायकल घिऊन घरला, येताना मला कवा केळी, कवा जाईचा गजरा, आनि अंगाला त्या सुताचा, तेलाचा वास, मला त्यो वास आवडायचा. मग एक दिस शेजारच्या मागावरचा धोटा उडाला. धोटा म्हंजे लाकडाचा असतोय बगा, होडीसारखा, पोटात सुताची बाबीन आनि दोनी टोकाला लोखंडी चोच, त्यो ह्या अंगानं त्या अंगाला बंदुकीच्या गोळीगत पळतोय आनि त्येच्यानं कापड विनतंय. त्यो उडाला त्यो मालकाच्या डाव्या डोळ्यात बसला. मला बोलवाय आलं तवा त्येनी दवाखान्यात बसलं हुतं, तोंडावर फडकं धरलेलं, मी फडकं काढलं आनि जागंवरच खाली बसलो. डोळा न्हवताच तिथं.

डोळा गेला आनि मानूस बी गेला. मागावर घेईनात, घरात बसून दारू, आनि मग माजं अंग. काय सांगू तुमाला ताई, पाट, काठी, पितळी तांब्या, जे घावंल ते. एकदा तांब्या मारला त्यो हितं कानाच्या मागं बसला, अजून हात लावून बगा, खड्डा हाय. मी शिकलो मग, कायम त्येच्या डाव्या अंगाला उभं ऱ्हायचं, तिकडनं दिसायचं न्हाय त्येला, मारायला वळंस्तवर मला दाराभायेर जाता यायचं.

मालकाच्या जागंला गिरनीनं मला घेतलं, वाइंडिंग खात्यात. तिथं समद्या बायकाच. बारक्या बाबीनीवरचं सूत मोठ्या कोनावर, म्हंजे निमुळत्या नळीवर, घ्यायचं, तुटलं की गाठ मारायची आनि पुन्ना सोडायचं, दिसभर उभं. मला गाठ शिकिवली ती आनशीनं. आनशी माज्यापेक्षा पाच-सात वर्सांनी मोठी, रुंद हाडाची, वरडून बोलायची, मशिनीच्या आवाजात तसंच बोलाय लागतंय, पर ती घरात बी वरडूनच बोलायची. पयल्या दिवशी मला म्हनाली, बायाक्का, ह्या खात्यात दोन गोष्टी ध्यानात ठेव, पदर खोचून ठेव आनि दौलू जॉबरच्या म्होरं एकटी पडू नगो.

जॉबर म्हंजे खात्यावरचा मुकादम. कामाला कुनाला ठेवायचं, कुनाला काढायचं, समदं त्येच्या हातात. आनि ह्यो दौलू जॉबर, उंच, गोरा, मिशा कोरलेल्या, सायब लोकांम्होरं गाय, आनि आमच्यात आला की हात चालायचा. सूत तुटलं, थोबाडीत. कोन वाकडा गुंडाळला, केस धरून मशिनीवर डोकं. रिकामी बाबीन फेकून मारायचा, जाड लाकडी बाबीन, पाठीत बसली की श्वास अडकायचा. आनि ज्या बायकांच्या मागं घरात कुनी न्हाय, न्हायतर माज्यासारखी, मालक असून नसल्यागत, तिला रद्दी कापसाच्या खोलीकडं पाठवायचा आनि मागनं जायाचा. समद्यांस्नी ठावं हुतं. कुनी बोलायचं न्हाय. मी बी न्हाय बोललो, दुसरीच्या वेळंला मी बी खाली बगूनच गाठी मारल्या, ते बी लिवा.

आनशीला पाचवा म्हैना हुता. तिचा कोन खाली पडला, घरंगळत गेला, ती वाकून घ्याय लागली आनि ह्येनं मागनं लाथ घातली. ती मशिनीच्या लोखंडी पट्टीवर पोटावर पडली. आवाज न्हाय केला तिनं, एवढं वरडनारी बाई, पर आवाज न्हाय. उठली, परत कामावर उभी ऱ्हायली, आनि थोड्या येळानं तिच्या पायाखालची फरशी लाल झाली. आमी दोघीतिघींनी तिला उचलून बाहेर न्हेली. जॉबर म्हनाला, फरशी पुसून घ्या आदी, सायब यायचा हाय राउंडला. ती फरशी म्या पुसली ताई. सुताच्या रद्दीनं पुसली. पोर गेलं. आनशी वीस दिवसांनी कामावर आली, तवापास्नं ती हळू बोलाय लागली, आमाला ऐकूच यायचं न्हाय ती काय म्हनती ते.

तिला येऊन म्हैना झाला नसंल. शनवार हुता, दुपार. शनवारी आमच्या खात्यात मशिनी बंद करून साफसफाई असायची. जॉबर मला म्हनाला, कार्डिंगमधनं रिकामी पेटी घिऊन ये. कार्डिंग म्हंजे कापूस पिंजायचं खातं, तिथल्या मशिनी चालूच हुत्या, पर गडी समदे भाकरी खायाला मागच्या अंगाला गेलते. वर छताला लांबलचक लोखंडी दांडा फिरायचा आनि त्येच्यावरनं चामड्याचं पट्टे खाली एकेका मशिनीला आल्यालं, पट्टा फिरला की मशिन फिरती. आता जाळी लावत्यात, तवा जाळी न्हवती. मी पेटी उचलली आनि मागं दार लागल्याचा आवाज आला.

म्या पळायचं बगितलं. त्येनं वेणी धरली, आनि मशिनीच्या पायावर माजं कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, रगत डोळ्यात आलं, मला एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं आनि मला, आता हसू नका, मला मालकाची आठवन झाली, म्हटलं ह्येला असंच दिसत असंल. पदर फाडला त्येनं. मी बोचकारलं, चावलो, तर त्येनं डाव्या हातानं गळा धरला आनि मशिनीवर मागं दाबलं आनि उजवा हात उचलला मारायला. त्येच्या उजव्या खांद्याच्या मागं पट्टा पळत हुता. हितनं तितं, एक हात बी लांब न्हवता. म्या दोनी हातानं त्येचं उजवं कोपर धरलं आनि ढकललं.

ठरवून ढकललं, ताई. घसरून न्हाय, धक्का लागून न्हाय. पट्टा बगितला, कोपर बगितलं आनि ढकललं. तसंच लिवा.

सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली आनि पट्ट्यानं त्येला उचलला. एवढा दांडगा मानूस, पाय जमिनीवरनं सुटलं. वरच्या चाकापाशी हात अडकला आनि मग जो आवाज आला, वला बांबू पिळल्यागत, आनि त्येच्या वर त्येची किंकाळी. पट्टा चाकावरनं उतरला, त्यो खाली आदळला, माज्या पायाशी. हात खांद्यापास्नं गेलता. थोडा कातड्याला लोंबत हुता. कापूस समदा लाल. मी तिथंच बसलो, पळालो न्हाय, म्हटलं आता काय व्हायचं ते हू दे.

गडी पळत आले, मशिनी बंद केल्या. त्येनी काय बगितलं, मी खाली, कपाळ फुटल्यालं, पदर फाटल्याला, आनि जॉबर हात तुटून पडल्याला. कुनीतरी म्हनालं, बाईचा पदर पट्ट्यात गेला आनि जॉबर वाचवाय गेला. मी तोंड उघडलं तर तोंडातनं आवाज येईना, गळा दाबल्याला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जॉबर शुद्धीवर आला. त्येनं बी त्येच सांगितलं. दुसरं काय सांगनार, दार लावून आत का गेलास म्हनून कुनी इचारलं तर काय सांगनार. पोलीस माज्याकडं आला तवा म्या ठरिवलं हुतं खरं सांगायचं, जेल तर जेल. त्यो म्हनाला, जॉबरनं समदं सांगितलंय, बाई, तुजं नशीब थोर, हितं अंगठा दे. मालक शेजारी बसलं हुतं, एका डोळ्यानं माज्याकडं बगत. खरं सांगितलं असतं तर घरला गेल्यावर काय झालं असतं ते मला ठावं हुतं. म्या अंगठा दिला.

आनशी संध्याकाळच्याला आली. काय इचारलं न्हाय. पानी तापिवलं, माज्या केसातलं वाळल्यालं रगत धुतलं, केस विंचारलं, वेणी घातली. जाताना दारात उभं ऱ्हाऊन माज्या दोनी हाताकडं बगितलं आनि गेली.

चार म्हैन्यांनी जॉबर बरा हून आला तवा गिरनीनं त्येचा सत्कार ठेवला. दारात मांडव, सायब लोक, आनि हार कुनी घालायचा तर ज्या बाईचा जीव वाचिवला तिनं. मी गेलो. हार घातला. पाया पड म्हनाले, पाया बी पडलो. वाकलो तवा त्येनं हळूच म्हटलं, तू गप, मी गप. टाळ्या वाजत हुत्या. वाइंडिंगच्या बायका एका वळीत उभ्या हुत्या, त्यातल्या एकीनं बी टाळी वाजिवली न्हाय, ते मी वाकल्या वाकल्या बगितलं.

घरी मालकाचा संशय. त्यो मानूस तुज्यासाठी हात का घालंल, तुजं आनि त्येचं काय हुतं, बोल. आनि पितळी तांब्या उचलला. त्या दिवशी मी डाव्या अंगाला सरकलो न्हाय. म्होरं उभी ऱ्हायलो, त्येचं मनगट धरलं आनि म्हटलं, जॉबरचा हात कसा गेला ते सांगू का तुमाला. एवढंच म्हटलं, वरडलो न्हाय.  मालकानं तांब्या खाली ठिवला. त्येच्यानंतर बावीस वर्सं जगलं, पर पुन्ना हात उचलला न्हाय, आनि पुन्ना कवा इचारलं बी न्हाय.

जॉबरला गिरनीनं दारावर बसिवला, येनाऱ्या-जानाऱ्याची नोंद ठेवायला. रोज मला त्येच्या म्होरनं जावं लागायचं. एका हातानं त्येला धोतर सावरायचं न्हाय, वाऱ्यानं बाही उडायची, रिकामी. मला आनंद झाला का म्हनशीला तर झाला, पयले चार-सहा म्हैने झाला. मग न्हाय झाला. खंडेनवमीला मशिनींची पूजा असायची, तवा मानाचा नारळ त्येच्या हातनं फोडायचे. एका हातानं नारळ कसा फुटनार, धरायचा का मारायचा. कुनीतरी म्हटलं, बायाक्का, तू धर. मी नारळ धरला आनि त्येनं कोयत्याची पाठ उचलली. मला वाटलं आता ह्यो माज्या मनगटावर घालतोय, मी डोळं मिटलं न्हाईत, त्येच्या डोळ्यात बगत ऱ्हायलो. त्येचं पयलं दोन घाव नारळावरनं घसरलं. नारळ तिसऱ्या घावाला फुटला. त्या दिवसापास्नं त्यो मी दारातनं जाताना खाली बगायचा.

मग गिरनी बंद पडली, त्येला बी लई वर्सं झाली. मालक गेलं, आनशी गेली, जॉबर बी गेला म्हनून कुनीतरी सांगितलं. मी धुनीभांडी केली, ल्योक मोठा केला, त्येची लेक पल्लवी आता तिकडं कागलच्या एमआयडीसीत कंपनीत मापं तपासायच्या कामाला हाय, शर्ट-पँट घालून गाडीवर जाती. ज्या माळावर माजी आई खडी भरायची तिथं. पल्लवीच म्हनाली, आजी, तुमच्या गिरणीचं म्युझियम केलंय, जुनी मशीन्स चालू करून दाखवतात, माझ्या सुट्टीला जाऊ. म्हटलं, नगो. म्हनाली, अगं किती वर्षं तू तिथं काम केलंस, मला बघू दे तरी. गेलो मग.

दारात फुलांच्या कुंड्या. फरशी धुतल्याली, भिंती रंगिवल्याल्या. लोक फोटू काढत्यात, पोरंबाळं आइस्क्रीम खात्यात. आनि आत माग चालू. एकच माग, पर त्यो खाड् खाड् आवाज कानात शिरला आनि माजं पाय जाग्यावर थांबलं, मी एकदम भिंतीला पाठ लावली, धोटा उडंल म्हनून. पल्लवी म्हनाली, काय गं. म्हटलं, काय न्हाय, चल.

माहिती सांगनारी पोरगी, पंचवीसेक वर्साची, हातात माइक, ऋतुजा तिचं नाव, लई गोड बोलायची. ती आमाला समद्यांस्नी घिऊन कार्डिंगमध्ये आली. तीच मशिन. वर त्योच दांडा, त्योच पट्टा, आता मोटरीवर हळूहळू फिरतोय आनि म्होरं जाळी. आनि भिंतीवर जॉबरचा फोटू. कोरल्याल्या मिशा. खाली लिवल्यालं ते पल्लवीनं मला वाचून दाखिवलं, एका स्त्री कामगाराचा पदर पट्ट्यात अडकला असता स्वतःच्या जिवाची पर्वा न करता त्यांनी तिला वाचवले आणि आपला उजवा हात गमावला. एका मानसानं टोपी काढून फोटूला हात जोडले.

म्या इचारलं, बाळ, ती बाई कोन हुती? पोरगी म्हनाली, आजी, तिचं नाव कुठंच मिळालं नाही. माज्या तोंडातनं निघून गेलं, बायाक्का. ती मीच.

मग काय सांगू तुमाला. टाळ्या. फोटू. पोरगीच्या डोळ्यात पानी आलं, पळत येऊन मला मिठी मारली, म्हनाली, आजी, मी त्यांची नात. माझ्यामुळं तुम्ही भेटलात, आजोबा असते तर किती बरं वाटलं असतं त्यांना.  तिच्या अंगाला कसलंतरी चांगलं अत्तर हुतं. मी ठरिवलं गप बसायचं, पोरीची काय चूक, मेल्याला मानूस, सोडून दे. तवर कुनीतरी दारातल्या कुंडीजवळनं हार आनला, कुनी पावन्यासाठी आनल्याला असंल, आनि माज्या हातात दिला, म्हनाले, आजी, तुमच्या हातानं फोटोला घाला. आनि त्या पोरीनं माइक माज्या तोंडापाशी धरला, दोन शब्द बोला म्हनाली.

एकदा घातलाय म्या त्येला हार. दुसऱ्यांदा हात वर जाईना. म्या हार मशिनीच्या जाळीवर ठिवला आनि माइकमध्ये म्हटलं, ह्येनं मला वाचिवलं न्हाय. दार लावून माजं डोकं ह्या पायावर आपटत हुता आनि गळा दाबत हुता. म्या त्येचा हात पट्ट्यात घातला.

आवाज मोठा झाला त्या माइकमधनं, मलाच माजा आवाज वळखंना.  मग ती पोरगी किंचाळली, खोटं बोलताय तुम्ही, आनि माइकसंगं माजा पदर बी एवढ्या जोरात वढला की माजी साडी फाटली खांद्यावर. पल्लवी मधी पडली, तिनं पोरीला ढकललं, पोरीनं पल्लवीला, दोघी जाळीवर आदळल्या, आनि मशिन चालू की ताई, म्या जी बोंब मारली, बंद करा, बंद करा, मशिन बंद करा, तेवढं मला आठवतंय. कुनीतरी बटन दाबलं. मी त्या दोघींच्या मधी जाऊन बसलो, दोघींच्या मनगटाला धरून. टोपीवाला मानूस म्हनत हुता, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय.

हापिसात न्हेलं. सायब नवा, नम्र, म्हनाला, आजी, पुरावा काय. म्हटलं, कपाळ हाय माजं. म्हनाला, आम्ही कमिटीपुढं ठेवू. पोलिसाला बोलवायचं तर बोलवा म्हटलं, मीच सांगतो त्येला, मागच्या वेळंला सांगायचं ऱ्हायलं. त्येनं चहा मागिवला.

परतताना पल्लवीनं गाडी रस्त्याच्या कडंला थांबिवली. हेल्मेट न काढता इचारलं, आजी, आजोबा पण मारायचे तुला? म्हटलं, व्हय. म्हनाली, बाबांना माहिती आहे? म्हटलं, ल्योक दाराआड उभं ऱ्हाऊन बगायचा. मग ती रडली. हेल्मेटच्या आत रडली, मला नुसता आवाज आला.

आठ दिवसांनी दार वाजलं. ती ऋतुजा पोरगी. आनि तिच्या हाताला धरून एक म्हातारी, माज्यापेक्षा मोठी, वाकल्याली, डोईवर पदर. जॉबरची बायकू. इंदाक्का. मी लांबनं सत्कारात बगितली हुती तिला एकदा. म्हटलं, आता ही शिव्या देती का मारती. चटई टाकली, बसली. पानी प्याली. मग पोरीला म्हनाली, तू भाईर बस. पोरगी म्हनाली, मी इथंच बसणार आज्जी.

इंदाक्का मला म्हनाली, हात बगू. म्या हात म्होरं केलं. तिनं दोनी मनगटं धरली, एवढी घट्ट की मला कळ लागली. म्हनाली, ह्याच हातानी का? म्हटलं, व्हय. म्हनाली, दवाखान्यातनं त्येला घरला आनला तवाच मला ठावं हुतं, त्येचा हात बाईला वाचवाय जाईल, असला हात न्हवता त्यो. मग तिनं पदर सारून मान दाखिवली. उलथन्याचा डाग, एवढा लांब. पोरीनं त्यो कवा बगितलाच न्हवता. इंदाक्का म्हनाली, माराय दोन हात लागत्यात बाई, एकानं धरायचं आनि एकानं मारायचं. एक हात गेला आनि माज्या घरातला मार थांबला. म्या अंबाबाईला जाऊन वटी भरली, कुनाच्या नावानं भरायची ते ठावं न्हवतं, तशीच भरली.

मला वाटलं झालं. पर ती पुढं बोलली. म्हनाली, पर त्यो खांदा म्या धुतलाय. तीन म्हैने पू वाहत हुता, वासानं पोरं घरात येत न्हवती, रातभर लहान पोरागत वरडायचा. घास म्या भरिवलाय, धोतर म्या नेसिवलंय, मरंस्तवर. ते बी तुमी ऐका. म्हटलं, ऐकतो. तिनं समदं सांगितलं, दोन तास, एक बी गोष्ट गाळली न्हाय, आनि म्या ऐकलं. मधी कुनी रडलं न्हाय. पोरगी तेवढी भिंतीकडं तोंड करून बसली हुती. जाताना म्या इंदाक्काला कुंकू लावाय गेलो आनि मग ध्यानात आलं, दोघी बी रांडमुंड, तसंच हसलो दोघी. पोरगीनं माज्या खांद्यावरनं हात फिरिवला, जिथं साडी फाटली हुती तिथं, म्हनाली, चुकलं माझं.

फोटूखालची ती माहितीची फळी अजून तिथंच हाय. कमिटी बसली न्हाय म्हन्त्यात, बसंल कवा तर. पर पोरगी आता लोकांस्नी तिथं आनती तवा ती फळी वाचत न्हाय. पल्लवी जाऊन ऐकून आली गुपचूप. पोरगी म्हनती, इथं बायाक्का नावाच्या एका कामगार बाईनं स्वतःचा जीव वाचवला. म्हंजे माजं नाव घेती. सायबानं एकदा टोकलं तर म्हनाली, माझ्या आजोबांचं आहे, मी सांगीन ते. कुनी इचारलं कसा वाचवला, तर ते बी सांगती.

मला अजून ती किंकाळी ऐकू येती का? येती. कापूस पिंजायचा आवाज कुठं आला की येती. मी केलं ते चांगलं म्हनून सांगत न्हाय, मी केलं म्हनून सांगतोय. आता गुडघं दुखत्यात, बसून बसून पायाला बी मुंग्या आल्यात, तुमचा चहा बी गार झाला बगा. आयतवारी ऋतुजा येती, पल्लवी असती, दोघी माज्या भाकरी खात्यात आनि मला काय काय इचारत बसत्यात. त्येंच्याकडं बगतो आनि देवाला एवढंच म्हनतो, ह्या पोरींवर कवा कुनाचा हात उठू नये, आनि ह्येंच्यावर बी कवा हात उचलायची पाळी येऊ नये.